मोटारीचा वेग आणि जिभेचा लगाम

मोटारींविषयीच्या एका दूरचित्रवाणी कार्यक्रमासाठी एखाद्या देशाच्या उच्चायुक्तालयाला निषेधाचे पत्र लिहावे लागेल, असे कुणी सांगितले असते तर ते खरे वाटले नसते. जानेवारी २०१२ मध्ये मात्र तसे घडले. बीबीसीच्या ‘टॉप गिअर’ या कार्यक्रमाचा भारतावरील विशेष भाग २८ डिसेंबर २०११ रोजी ब्रिटनमध्ये दाखवण्यात आला आणि त्यातील विनोदाबद्दल लंडनमधील भारतीय उच्चायुक्तालयाने बीबीसीकडे तीव्र नाराजी नोंदवली. या भागाची सुरुवात मुंबईत, तीही आपल्या डबेवाल्यांपासून झाली होती. त्यामुळे मराठी प्रेक्षकाला या वादाकडे परक्याचे भांडण म्हणून पाहता येत नाही.

या कार्यक्रमाविषयी आणि त्याचा फटकळ सूत्रसंचालक जेरेमी क्लार्कसन याच्याविषयी प्रेक्षकांत कायम दोन तट राहिले. एका तटाला तो खरे बोलणारा एकमेव माणूस वाटे. दुसऱ्याला तो सार्वजनिक पैशावर उद्धटपणा करणारा इसम वाटे. हे दोन तट का पडतात आणि त्यातून आपण काय घ्यावे, हे समजून घेण्यासारखे आहे.

गाड्यांच्या माहितीपासून करमणुकीपर्यंत

‘टॉप गिअर’ मूळचा १९७७ चा. त्या काळी तो सरळसाधा माहितीपर कार्यक्रम होता. कोणती गाडी घ्यावी, तिला इंधन किती लागते, रस्त्यावर कोणती काळजी घ्यावी, असे त्याचे स्वरूप होते. क्लार्कसन १९८८ मध्ये त्यात दाखल झाला आणि कार्यक्रमाची भाषा बदलली. न आवडलेल्या गाडीबद्दल ‘ठीक आहे, पण’ असे गुळमुळीत न बोलता तो तिची सर्वांसमक्ष टर उडवू लागला. उत्पादक नाराज झाले, प्रेक्षक मात्र वाढले.

२००१ मध्ये बंद पडलेला हा कार्यक्रम २००२ मध्ये नव्या रूपात परतला. रिचर्ड हॅमंड सोबत होता. पुढच्या वर्षी जेम्स मे आला. एका जुन्या विमानतळाची धावपट्टी, उभ्याने पाहणारे प्रेक्षक, चेहरा न दाखवणारा ‘स्टिग’ नावाचा चालक आणि तीन मध्यमवयीन मित्रांची नोकझोक, असा साचा ठरला. गाडी निमित्तमात्र उरली. खरा विषय ही मैत्री आणि तिची फजिती. २०१३ मध्ये ‘गिनेस’ने जगातील सर्वाधिक पाहिला जाणारा तथ्याधारित दूरचित्रवाणी कार्यक्रम म्हणून त्याची नोंद केली.

‘तथ्याधारित’ या शब्दापाशीच पहिला मतभेद सुरू होतो. प्रेक्षक जे पाहत होता ते परीक्षण होते की प्रहसन? २००८ मध्ये या कार्यक्रमात टेस्लाची विजेवर चालणारी ‘रोडस्टर’ दाखवण्यात आली. तिची बॅटरी अपेक्षेपेक्षा फार लवकर संपते, असा समज प्रेक्षकांचा झाला. कंपनीने २०११ मध्ये बदनामीचा दावा लावला. पण ब्रिटिश न्यायालयांनी तो फेटाळला आणि मार्च २०१३ मध्ये अपीलही निष्फळ ठरले. कायद्याच्या दृष्टीने प्रश्न मिटला. प्रेक्षकाच्या दृष्टीने तो उरतोच, कारण घर चालवून चार पैसे बाजूला टाकणारा माणूस अशाच कार्यक्रमांवरून गाडीविषयी मत बनवत असतो.

मुंबई ते हिमालय

भारतावरील भागाची कल्पना अशी होती, की हे तिघे ब्रिटनचा व्यापार वाढवण्यासाठी भारतात येतात. क्लार्कसनकडे जॅग्वार एक्सजेएस, हॅमंडकडे जुनी मिनी आणि मे याच्याकडे रोल्स रॉइस. प्रारंभी पंतप्रधान डेव्हिड कॅमेरून आपल्या निवासस्थानाच्या दारातून ‘भारतापासून दूरच राहा’ असे हसत सुनावताना दिसतात. गंमत म्हणजे ज्या जॅग्वारच्या जोरावर ब्रिटिश मालाची शेखी मिरवायची, ती कंपनी २००८ मध्येच टाटा मोटर्सने फोर्डकडून विकत घेतली होती.

मुंबईत या तिघांनी डबेवाल्यांशी स्पर्धा मांडली: लोकलऐवजी मोटारींतून जेवणाचे डबे पोहोचवायचे. मुंबईच्या रहदारीत मोटार आणि लोकल यांची शर्यत लावली तर काय होते, हे मुंबईकराला वेगळे सांगायला नको. १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी सुरू केलेली ही व्यवस्था मावळ, मुळशी, खेड, आंबेगाव, जुन्नर या भागांतील माणसांनी उभी केली. डब्यावरच्या रंगीत खुणा, लोकलचे वेळापत्रक आणि परस्परांवरील विश्वास एवढ्या भांडवलावर ती सव्वाशे वर्षांहून अधिक काळ टिकली. नोव्हेंबर २००३ मध्ये ब्रिटनचे युवराज चार्ल्स चर्चगेटला त्यांना भेटले आणि २००५ मध्ये त्यांच्या विवाहाला डबेवाल्यांचे प्रतिनिधी लंडनला गेले. त्यामुळे या प्रसंगात हसे झाले ते पाहुण्यांचेच, असे अनेक प्रेक्षकांना वाटले असल्यास नवल नाही.

तक्रार पुढच्या प्रसंगांविषयी होती. क्लार्कसनने गाडीच्या मागच्या भागात शौचकूप बसवले आणि भारतात येणाऱ्या प्रत्येकाचे पोट बिघडतेच, तेव्हा ही गाडी या देशासाठी योग्य, अशा अर्थाचा विनोद केला. आगगाडीच्या डब्यांवर ब्रिटिश मालाच्या जाहिरातीचे फलक असे लावण्यात आले, की ते फाटल्यावर उरलेल्या अक्षरांतून अश्लील अर्थ निघावा. दिल्लीतील मेजवानीत पाहुण्यांसमोर त्याने विजार उतरवली. यजमान देशाच्या संस्कृतीचा आणि लोकांचा हा उपमर्द आहे, अशी तक्रारीची भूमिका होती. बीबीसीने मात्र यातील कोणताही विनोद भारतीय जनतेचा वा संस्कृतीचा अपमान करणारा नाही, असे म्हणत भागाचे समर्थन केले.

दोन्ही बाजूंचे म्हणणे

समर्थकांचे म्हणणे असे. हा विनोद ब्रिटिशांचा स्वतःवरचा आहे. साम्राज्य गेले, कारखाने गेले आणि तीन पोक्त पुरुष मोडक्या गाड्या घेऊन एकेकाळच्या वसाहतीत माल खपवायला येतात. यात हास्यास्पद कोण? शिवाय भारतासारख्या मोठ्या देशाने एका विदूषकाच्या बोलण्याने विचलित का व्हावे?

विरोधकांचे उत्तरही बिनतोड आहे. स्वतःवर हसण्याच्या आडून दुसऱ्यावर हसणे ही जुनी युक्ती आहे. हा प्रकार एकदाच घडला असता तर गोष्ट वेगळी. याच वर्षाच्या प्रारंभी कार्यक्रमात मेक्सिकन माणसांना आळशी ठरवण्यात आले होते आणि मेक्सिकोच्या राजदूताने आक्षेप घेतल्यावर बीबीसीला दिलगिरी व्यक्त करावी लागली होती. पुढे ब्रह्मदेशातील भागात आशियाई माणसासाठी हीन शब्द वापरल्याबद्दल २०१४ मध्ये ‘ऑफकॉम’ या ब्रिटिश नियामक संस्थेने कार्यक्रमाला दोषी धरले. बीबीसी ही जाहिरातींवर नव्हे, तर घरोघरच्या परवाना शुल्कावर चालते. २०११ मध्ये ते वर्षाला १४५.५० पौंड होते. ज्याच्या पैशातून आपली थट्टा होते त्या करदात्यांत ब्रिटनमधील लाखो भारतीय वंशाचे लोकही होते.

शौचकुपाचा विनोद झोंबला, याला आणखी एक कारण होते. त्यानंतर दोन-अडीच महिन्यांनी, मार्च २०१२ मध्ये, जनगणनेची घरांविषयीची आकडेवारी प्रसिद्ध झाली. २०११ च्या या गणनेनुसार देशातील ५३.१ टक्के कुटुंबांच्या घरी शौचालय नव्हते. म्हणजे विनोदाने बोट ठेवले ती जखम खरीच होती. मग परक्याने ती दाखवली म्हणून राग आला, की दाखवण्याची पद्धत चुकली म्हणून?

स्पष्ट बोलण्याचा अधिकार

या प्रश्नाचे उत्तर मराठी माणसाला दूर शोधावे लागत नाही. संत गाडगेबाबा गावात येत, आधी हातात खराटा घेऊन गाव झाडत आणि रात्री कीर्तनात त्याच गावाच्या घाणीवर, अंधश्रद्धेवर, कर्जबाजारीपणावर कोरडे ओढत. त्यांची भाषा मवाळ नव्हती. श्रोते हसत आणि हसता हसता ओशाळत. राज्यात २००० मध्ये त्यांच्याच नावाने ग्राम स्वच्छता अभियान सुरू झाले. बाबांचा शब्द लोकांनी सोसला, कारण बोलणाऱ्याने आधी राबून तो अधिकार मिळवला होता आणि ऐकणारे सुधारावेत, ही तळमळ त्या शब्दामागे होती.

हिंगोली जिल्ह्यातील नरसी हे गाव संत नामदेवांचे जन्मस्थान मानले जाते आणि नामदेवांपासून कीर्तनाची परंपरा सांगितली जाते. त्या परंपरेत फटकळपणाला जागा आहेच. पण तेथे वक्ता आणि श्रोता एकाच अंगणात बसतात. क्लार्कसनचा विनोद हजारो मैलांवरच्या दिवाणखान्यात बसलेल्या तिसऱ्याच माणसासाठी होता. ज्यांच्यावर तो होता ते त्यात केवळ पार्श्वभूमी होते. ‘माझ्याशी बोलून हसलात की माझ्याकडे बोट दाखवून?’ या एका प्रश्नाने पुष्कळ विनोदांची पारख होते.

हिंगोलीच्या प्रेक्षकाला काय हवे?

वादाच्या धुरळ्यात एक साधी गोष्ट हरवते. मोटारींचा कार्यक्रम पाहणाऱ्याची गरज कोणती? १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला हिंगोली हा पाच तालुक्यांचा, प्रामुख्याने शेतीवर जगणारा जिल्हा. सेनगाव किंवा कळमनुरीच्या प्रेक्षकाला फेरारीचा वेग पाहायला आवडतोच. कुतूहलावर शहराची मक्तेदारी नाही. पण गाडी घेताना त्याचे प्रश्न वेगळे असतात. ती ‘किती अॅव्हरेज देते’? पावसाळ्यातल्या खड्ड्यांत तळ घासतो का? कुटुंबातली सहा माणसे बसून औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला जाता येईल का? सुटा भाग तालुक्याला मिळेल, की त्यासाठी नांदेड गाठावे लागेल? आणि पाच वर्षांनी विकायला काढली तर काय येईल?

या प्रश्नांना उत्तर देणारा परीक्षक रूक्ष असला तरी उपयोगाचा असतो. एनडीटीव्हीवरील सिद्धार्थ विनायक पाटणकर यांच्यासारख्या निवेदकांनी भारतीय रस्ते आणि भारतीय ग्राहक डोळ्यांसमोर ठेवून हे काम केले. त्यांच्यामुळे कधी राजनैतिक वाद झाला नाही आणि म्हणूनच त्यांची चर्चाही तेवढी झाली नाही. फटकळपणा खपतो, तपशील खपत नाही, ही दूरचित्रवाणीची अडचण आहे. आज मोबाइलवर मराठीतून गाड्यांची परीक्षणे करणारे अनेक तरुण आहेत. आरडाओरडा करावा की मोजमाप सांगावे, ही निवड त्यांच्यापुढेही आहे.

वेगाच्या बाबतीत तर ही निवड जिवाशी येते. धावपट्टीवर मोकळ्या जागेत, रुग्णवाहिका उभी ठेवून गाडी पळवणे वेगळे. तेथेही सप्टेंबर २००६ मध्ये जेट इंजिनाच्या गाडीतून हॅमंड मरता मरता वाचला. भारतात २०११ या एका वर्षात रस्त्यांवर १ लाख ४२ हजार ४८५ माणसे मृत्युमुखी पडली. २०२२ मध्ये हा आकडा १ लाख ६८ हजार ४९१ वर गेला. बैलगाडी, ट्रॅक्टर, एसटी आणि दुचाकी एकाच अरुंद रस्त्यावरून चालतात, तेथे वेगाचे कौतुक जपूनच करावे लागते.

पुढे काय झाले?

क्लार्कसनला अखेर शब्दांमुळे नव्हे, कृतीमुळे जावे लागले. मार्च २०१५ मध्ये चित्रीकरणानंतर गरम जेवण न मिळाल्याच्या कारणावरून त्याने एका सहनिर्मात्यावर हात उगारला. त्याला परत घ्यावे म्हणून दहा लाखांहून अधिक लोकांनी ऑनलाइन निवेदनावर सह्या केल्या. तरीही बीबीसीने करार पुढे वाढवला नाही. हे तिघे मग अॅमेझॉनच्या ‘द ग्रँड टूर’मध्ये गेले, त्यांची ती सफर २०२४ मध्ये संपली. ‘टॉप गिअर’ नव्या सूत्रसंचालकांसह चालू राहिला. पण डिसेंबर २०२२ मध्ये चित्रीकरणात अँड्र्यू फ्लिंटॉफ हा माजी क्रिकेटपटू गंभीर जखमी झाला आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये बीबीसीने कार्यक्रम अनिश्चित काळासाठी थांबवत असल्याचे जाहीर केले.

त्या दहा लाख सह्यांचा अर्थ काय? लोकप्रियता म्हणजे निर्दोषत्व नव्हे, एवढाच. प्रेक्षकाला एखादा माणूस आवडू शकतो आणि त्याच वेळी तो चुकला असेही म्हणता येते. या दोन गोष्टी एकत्र मानता येणे हेच जाणत्या प्रेक्षकाचे लक्षण.

आपल्याकडेही प्रेक्षक हतबल नाही. केबल टेलिव्हिजन नेटवर्क (नियमन) कायदा १९९५ पासून आहे. जून २०२१ मध्ये सुधारलेल्या नियमांनुसार आक्षेपार्ह कार्यक्रमाविरुद्ध प्रथम वाहिनीकडेच तक्रार करता येते. तिने १५ दिवसांत निर्णय कळवायचा असतो. समाधान न झाल्यास वाहिन्यांच्या स्वयंनियामक संस्थेकडे आणि त्यानंतर केंद्र सरकारच्या यंत्रणेकडे दाद मागता येते. तक्रारीत वाहिनी, तारीख, वेळ आणि आक्षेपार्ह वाक्य नेमके लिहिले तर ती ऐकली जाण्याची शक्यता वाढते. पुतळा जाळण्यापेक्षा ही वाट संथ आहे, पण ती कुठेतरी पोहोचते.

डबेवाल्यांनी या साऱ्या वादात काय केले? त्यांनी दुसऱ्या दिवशीही डबे वेळेवर पोहोचवले. थट्टेला दिलेले याहून सरस उत्तर कोणते असेल?