आलेखाची लेखणी कोणाच्या हाती?

पिंपरी-चिंचवड आणि चाकण या पट्ट्यात मोटारी, दुचाक्या आणि सुटे भाग किती तयार होतात, याची चर्चा आपण नेहमीच ऐकतो. परंतु याच पट्ट्यात दररोज आकड्यांचेही अफाट उत्पादन होत असते, याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. भोसरीच्या एखाद्या लहान कारखान्यात लेथवर कातलेल्या शाफ्टचा व्यास मायक्रोमीटरने मोजला जातो, भट्टीचे तापमान दर तासाला टिपले जाते, नाकारलेल्या मालाची पाळीगणिक नोंद होते. हे आकडे वह्यांत आणि संगणकांत साठत राहतात. आकडे साठवणे निराळे आणि आकड्यांचा अर्थ लागणे निराळे. या दोहोंमधील अंतर तोडणारे सर्वांत सोपे साधन म्हणजे आलेख. हे साधन कोणाच्या हाती असावे, हा प्रश्न वरकरणी तांत्रिक वाटला तरी मूलतः तो अर्थशास्त्राचा आणि काही अंशी लोकशाहीचाही प्रश्न आहे.

आलेख आणि कारखानदारी यांचे नाते जुने आहे. विल्यम प्लेफेअर या स्कॉटिश गृहस्थाने १७८६ साली इंग्लंडच्या व्यापाराचा एक नकाशासंग्रह प्रसिद्ध केला. त्यात भूप्रदेशांचे नकाशे नव्हते, आयात-निर्यातीच्या रेषा होत्या. हा प्लेफेअर पूर्वी वाफेच्या इंजिनाचा सुधारक जेम्स वॉट याच्याकडे आराखडे काढण्याचे काम करीत असे. अर्थशास्त्रातील आलेखाचा जन्म अशा रीतीने एका कारखान्याच्या छायेत झाला. दुसरीकडे, वॉट यांच्याच कारखान्यात जॉन सदर्न याने १७९६ च्या सुमारास इंजिनातील वाफेचा दाब आणि आकारमान यांचा आलेख आपोआप काढणारे उपकरण सिद्ध केले आणि ते पुढे कित्येक वर्षे व्यापारी गुपित म्हणून जपले गेले. आलेख जगापुढे ठेवणे आणि आलेखाचे साधन दडवून ठेवणे, या दोन्ही प्रवृत्ती एकाच उगमापासून निघाल्या, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

आपल्या औद्योगिक पट्ट्याला अधिक जवळचा आलेख मात्र १९२४ चा. अमेरिकेतील बेल टेलिफोन उद्योगसमूहात काम करणाऱ्या वॉल्टर शूहार्ट यांनी त्या वर्षी नियंत्रण आलेखाची, म्हणजे आजच्या कंट्रोल चार्टची, कल्पना मांडली. १९४७-४८ मध्ये प्रा. महालनोबिस यांच्या निमंत्रणावरून ते भारतात येऊनही गेले. त्यांची कल्पना एका उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, शाफ्टचा व्यास २५ मिलिमीटर हवा असून ०.०२ मिलिमीटरचा फरक दोन्ही बाजूंनी चालण्यासारखा आहे. दर तासाला पाच नग मोजून त्यांची सरासरी कागदावर मांडली. ती ओळीने २५.००१, २५.००३, २५.००४ अशी सात तास चढतच गेली. प्रत्येक नग मर्यादेतच आहे, म्हणून तपासनीस प्रत्येक नग ‘पास’ करील. आलेख मात्र सांगतो, की हत्यार झिजते आहे आणि माल बिघडण्यापूर्वी ते बदलावयास हवे. आकड्यांच्या रकान्यात ही गोष्ट सहज निसटते. चित्रात ती डोळ्यांत भरते.

यात माणसाच्या न्यायाचाही प्रश्न आहे. नगानगांत पडणारा काही फरक त्या प्रक्रियेच्या अंगचाच असतो आणि काही फरकाला शोधून काढता येण्याजोगे कारण असते, हा शूहार्ट यांचा मूळ सिद्धांत. पहिल्या प्रकारच्या फरकाबद्दल यंत्रावरच्या कामगाराला बोल लावणे अन्यायाचे आहे, कारण तो त्याच्या हातात नसतो. ज्या पट्ट्यात कंत्राटी कामगार आणि शिकाऊ मुले मोठ्या संख्येने राबतात, तेथे नाकारलेल्या मालाचे खापर कोणाच्या डोक्यावर फुटते, हे सांगावयास नको. आपल्या कामाचा आलेख वाचता येणारा कामगार निदान विचारू तरी शकतो, की दोष माझ्या हाताचा की आलेल्या पोलादाचा?

आता साधनाकडे वळू. १९८० नंतरच्या काळात संशोधनसंस्थांत युनिक्स प्रणालीवर चालणारी वर्कस्टेशने आली. मेजावर मावणारे, पण त्या काळच्या घरगुती संगणकाहून कितीतरी समर्थ आणि महाग असे ते संगणक. योगायोग असा, की ही युनिक्स प्रणालीही १९६९ साली बेल प्रयोगशाळेतच जन्मली होती. यंत्रे महाग होती, तरी ती वापरणाऱ्या शास्त्रज्ञांनी आणि विद्यार्थ्यांनी आलेख काढण्याची साधने स्वतः लिहिली आणि वाटून टाकली. थॉमस विल्यम्स आणि कॉलिन केली यांनी १९८६ मध्ये ‘ग्नूप्लॉट’ लिहिले. नावात साम्य असले तरी रिचर्ड स्टॉलमन यांच्या ‘ग्नू’ प्रकल्पाचे ते अपत्य नव्हे. अमेरिकेतील ओरेगॉन येथे पॉल टर्नर यांनी १९९१ च्या सुमारास ‘एक्सएमजीआर’ हा कार्यक्रम रचला. १९९८ मध्ये त्यातूनच ‘ग्रेस’ निघाला आणि एव्हगेनी स्टॅम्बुलचिक यांच्या देखरेखीखाली तो मुक्त परवान्याने सर्वांना खुला झाला. ही साधने आज लिनक्स बसविलेल्या, अडगळीत टाकलेल्या जुन्या संगणकावरही सुखाने चालतात. लक्षावधी रुपयांच्या यंत्रासाठी लिहिलेले साधन अशा रीतीने गरिबाच्या दारापर्यंत आले आहे. दार उघडावयाचे तेवढे बाकी आहे.

या साधनांचा खरा गुण ती मोफत आहेत हा नव्हे. ‘फुकट ते पौष्टिक’ हा न्याय येथे लावून चालणार नाही. ग्नूप्लॉटमध्ये आकडे एका साध्या मजकुराच्या दस्तात असतात आणि आलेख कसा काढावयाचा याच्या आज्ञा दुसऱ्या दस्तात. कोणता रकाना घ्यावयाचा, अक्ष कोठून कोठवर न्यावयाचा, रेषा कोणत्या सूत्राने बसवावयाची, हे सारे तेथे लिहिलेले असते. ग्रेसमध्ये माऊसने काम करता येते, तरीही जतन होणारा दस्त वाचता येण्याजोग्या मजकुराचाच असतो. म्हणजे आलेखाबरोबर आलेखाची कृतीही शिल्लक राहते. सहा महिन्यांनी दुसऱ्या कोणी ती पुन्हा चालविली, तर तेच चित्र उमटते. गणिताच्या वहीत आपण जिला ‘रीत’ म्हणतो आणि जिच्यासाठी शिक्षक गुण राखून ठेवतात, तीच ही रीत.

रीत दिसण्याचे महत्त्व किती आहे, ते पाहा. नाकारलेल्या मालाचे प्रमाण शेकडा ४.२ वरून ३.९ वर आले, असे समजू. उभा अक्ष शून्यापासून काढला, तर ही उतरण जेमतेम दिसेल. तोच अक्ष ३.८ पासून ४.३ पर्यंत काढला, तर रेषा कड्यावरून कोसळल्यासारखी भासेल आणि व्यवस्थापक टाळ्या घेतील. दोन्ही चित्रांतील आकडे खरेच आहेत. अक्ष लहान करणे हे नेहमीच पाप असते असे नाही, पण तो कोणी आणि का लहान केला, हे तपासता आले पाहिजे. कारखान्याचा अहवाल, महापालिकेचे अंदाजपत्रक किंवा नदीच्या प्रदूषणाचे मोजमाप, या साऱ्यांना हा निकष सारखाच लागू पडतो.

अर्थशास्त्राच्या परिभाषेत अशी साधने सार्वजनिक वस्तूंच्या जातीची आहेत. एकाने वापरल्याने ती दुसऱ्याला कमी पडत नाहीत आणि आणखी एक प्रत काढण्याचा खर्च जवळजवळ शून्य असतो. मग ती सर्वत्र का दिसत नाहीत? एक कारण सवयीचे. विद्यार्थी ज्या साधनावर शिकतो, त्याच साधनाची मागणी तो पुढे नोकरीत करतो. म्हणून महागडी साधने विकणाऱ्यांना महाविद्यालयांस सवलत देणे परवडते. दुसरे कारण अधिक लाजिरवाणे आहे. चोरून उतरवून घेतलेली प्रत मोफतच पडत असल्याने प्रामाणिक मोफत साधनाचे आकर्षण उरत नाही. परावलंबनाची किंमत काय असते, हे पुणेकरांना शिकविण्याची गरज नाही. अमेरिकेने महासंगणक देण्यास नकार दिल्यानंतरच १९८८ मध्ये पुण्यात ‘सी-डॅक’ची स्थापना झाली आणि १९९१ मध्ये ‘परम ८०००’ उभा राहिला.

आक्षेपांचाही विचार केला पाहिजे. मुक्त साधन अडले तर दाद कोणाकडे मागावयाची, हा लहान कारखानदाराचा प्रश्न रास्त आहे. मोठ्या ग्राहक कंपनीने ठरावीक नमुन्यातच अहवाल मागितला, तर त्याचा नाइलाज होतो, हेही खरे. ग्रेसला युनिकोडची सोय नसल्याने त्यात मराठी अक्षरे घालता येत नाहीत. ग्नूप्लॉटमध्ये ती घालता येतात, पण आज्ञा लिहिण्याची सवय करावी लागते. ‘मोफत’ साधनाची खरी किंमत अशी शिकण्याच्या वेळात मोजावी लागते. मात्र ही किंमत परवान्याच्या रकमेसारखी दरवर्षी परदेशी जात नाही. ती येथल्याच माणसाच्या अंगी कौशल्य होऊन मुरते.

म्हणूनच पहिले पाऊल महाविद्यालयांनी आणि तंत्रनिकेतनांनी उचलले पाहिजे. त्यासाठी सारे नव्याने निर्माण करावयाचे नाही. मुंबईच्या आयआयटीने केंद्र सरकारच्या साहाय्याने ‘फॉसी’ हा मुक्त साधनांचा प्रकल्प चालविला आहे आणि तेथील ‘स्पोकन ट्युटोरियल’ उपक्रमात लिनक्स, पायथन यांसारख्या विषयांचे पाठ मराठीतूनही उपलब्ध आहेत. केंद्र सरकारने २०१५ मध्ये आपल्या कार्यालयांसाठी मुक्त साधनांना प्राधान्य देणारे धोरणही जाहीर केले. निगडी-आकुर्डीच्या महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी भोसरीच्या एखाद्या कारखान्यातील महिन्याभराची मापे मालकाच्या संमतीने घ्यावीत, त्यांचा नियंत्रण आलेख मराठी नावांसह काढावा आणि आज्ञांच्या दस्तासह तो यंत्रावरच्या कामगारापुढे ठेवावा. सांख्यिकीच्या दहा व्याख्यानांनी जे साधत नाही, ते या एका प्रात्यक्षिकाने साधेल. वाणिज्य आणि अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनीही महापालिकेच्या अंदाजपत्रकावर हाच प्रयोग करावा.

या पट्ट्याने गेल्या सहा दशकांत देशाला यंत्रे दिली आणि यंत्रे चालविणारे हात दिले. आता त्या हातांना स्वतःचे आकडे स्वतः मांडून पाहण्याची सवय लागली पाहिजे. आलेख काढण्याचे साधन गुपित राखण्याचा काळ केव्हाच सरला. ते विनामूल्य उपलब्ध असूनही आपण हात पुढे केला नाही, तर त्याचा दोष कोणत्याही परदेशी कंपनीवर ढकलता येणार नाही.