विश्लेषण : सांगवीच्या उसाचा दर आणि जिनिव्हातील खटला… निकाल विरोधात जाऊनही एफआरपी कायम कशी?

बारामती तालुक्यातील नीरा काठच्या सांगवीत उसाच्या दराची चर्चा माळेगाव कारखान्याची पहिली उचल, कांडेबिल आणि उतारा याभोवती फिरते. मात्र या दराचा पाया असलेल्या एफआरपीवर जिनिव्हातील जागतिक व्यापार संघटनेत (डब्ल्यूटीओ) खटला चालला आणि डिसेंबर २०२१ मध्ये निकाल भारताच्या विरोधात लागला. तरीही एफआरपी बंद झाली नाही, उलट वाढत गेली. हे कसे घडले?

एफआरपी वादात का सापडली?

रास्त आणि किफायतशीर दर म्हणजे एफआरपी. कृषी मूल्य आयोगाच्या शिफारशीवरून केंद्र सरकार ती ठरवते. २०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला ती टनाला ३,५५० रुपये होती. यापेक्षा कमी दर देण्याची कारखान्यांना मुभा नाही. त्याखेरीज साखरेचे दर पडले की कारखान्यांकडे उसाची बिले थकतात. ती देता यावीत म्हणून केंद्राने साखर निर्यातीला मदत दिली. २०१९-२० मध्ये ६० लाख टनांसाठी ही मदत टनामागे १०,४४८ रुपये होती.

तक्रार कोणी केली?

ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला या साखर निर्यातदार देशांनी २०१९ मध्ये. भारताच्या मदतीमुळे जगाच्या बाजारात साखर स्वस्त होते आणि आपल्या शेतकऱ्यांचे नुकसान होते, असे त्यांचे म्हणणे. डब्ल्यूटीओच्या कृषी करारानुसार भारताला एखाद्या पिकाला दिलेला आधार त्याच्या उत्पादन मूल्याच्या १० टक्क्यांच्या आत ठेवावा लागतो.

निकाल काय लागला?

एफआरपी कारखाने देतात, सरकार नव्हे. सरकार ऊस खरेदीही करत नाही, मग ते अनुदान कसे, असा भारताचा युक्तिवाद होता. पॅनेलने तो फेटाळला. दर सरकार ठरवते आणि तो बंधनकारक आहे, म्हणून पैसे कोणीही दिले तरी तो आधारच, असे पॅनेलने म्हटले. २०१४-१५ ते २०१८-१९ या पाचही हंगामांत मर्यादा ओलांडल्याचा ठपका ठेवण्यात आला. निर्यात मदतही नियमबाह्य ठरली.

यात आकडेमोडीचाही वाद आहे. करारानुसार आजच्या दराची तुलना १९८६ ते १९८८ या काळातील स्थिर संदर्भ किमतीशी होते. साडेतीन दशकांची महागाई त्यात धरली जात नाही. हा नियम १९९० च्या दशकातील वाटाघाटींतून आला. म्हणजे कायदा लिहिला गेला तेव्हाच कोणाच्या बाजूने किती वजन होते, हे त्यात उमटले.

मग निकाल लागू का झाला नाही?

भारताने डिसेंबर २०२१ मध्येच अपील केले. नियमानुसार अपिलाचा निर्णय होईपर्यंत पॅनेलचा अहवाल मंजूर होत नाही, आणि मंजूर न झालेला अहवाल बंधनकारक नसतो. अडचण अशी, की अपील ऐकायला कोणी नाही. सात सदस्यांच्या अपील मंडळात एका प्रकरणासाठी किमान तीन सदस्य लागतात. अमेरिकेने नव्या नेमणुका रोखून धरल्याने डिसेंबर २०१९ मध्ये एकच सदस्य उरला. पुढे तोही निवृत्त झाला. नेमणुकांना सर्व देशांची सहमती लागते, त्यामुळे एका देशाचा नकार पुरेसा ठरतो. ट्रम्प गेले, बायडेन आले, तरी ही भूमिका बदलली नाही.

याचा भारताला फायदाच झाला का?

उसाच्या बाबतीत तूर्त दिलासा मिळाला. पण हीच पोकळी भारताला उलटही पडते. अमेरिकेतील अक्षय ऊर्जा अनुदानांविरुद्धचा खटला भारताने जून २०१९ मध्ये पॅनेलपुढे जिंकला. अमेरिकेने अपील केले आणि तो निकाल लटकला. अखेर २०२३ मध्ये दोन्ही देशांनी तो इतर वादांसह वाटाघाटीने मिटवला. शिवाय, समोरचा देश अपिलाच्या आडून निकाल टाळत असेल तर स्वतःच प्रत्युत्तर देता यावे, असा कायदा ब्राझीलने २०२२ मध्ये केला. पंच उरला नाही की ताकदवानाचा शब्द चालतो, हा धोका भारतालाही आहेच.

ऊस उत्पादकाला याचा अर्थ काय?

एफआरपीला आज या निकालाने धक्का नाही. २०२१-२२ मध्ये जागतिक दर चढे असल्याने अनुदानाविना सुमारे ११० लाख टन साखर निर्यात झाली. पण जून २०२२ पासून केंद्राने देशांतर्गत महागाईच्या चिंतेने निर्यातीवर मर्यादा घातल्या, आणि २०२३-२४ मध्ये निर्यात जवळपास थांबली. म्हणजे जिनिव्हाच्या निकालापेक्षा दिल्लीच्या आदेशाचा परिणाम लवकर जाणवला.

तरीही खटला संपलेला नाही, तो थांबलेला आहे. अपील मंडळ पुन्हा उभे राहिले तर हा वाद पहिल्यापासून नव्हे, तर भारत हरलेल्या ठिकाणापासून पुढे सुरू होईल. तोवर साखरेचे अतिरिक्त उत्पादन निर्यात मदतीशिवाय कसे जिरवायचे, हा प्रश्न कारखान्यांना सोडवावा लागेल. इथेनॉल हे त्याचे आजचे मुख्य उत्तर आहे. साखरेचे दर पडले, की सांगवीतल्या बिलाची तारीख त्याच उत्तरावर अवलंबून राहील.