अक्कलदाढ काढल्यानंतर...

परवा एक गृहस्थ गाल धरून दवाखान्यात आले. अक्कलदाढ काढून चौथा दिवस. ‘‘डॉक्टर, दोन दिवस बरं होतं, आता कानापर्यंत ठणका मारतोय.’’ मी विचारले, ‘‘तंबाखू?’’ ते ओशाळले.

दाढेच्या खड्ड्यात रक्ताची गुठळी धरते. तेच हाडाचे पांघरूण. जोरात चूळ भरली, विडी ओढली की ते निघते आणि हाड उघडे पडते. म्हणून पहिले २४ तास चूळ भरू नये. नंतर कोमट मिठाच्या पाण्याने हळुवार गुळण्या कराव्यात. तंबाखू-विडी जखम भरेपर्यंत बंद.

त्यांचा खड्डा धुऊन औषध भरले; ठणका उतरला. मात्र वाचकहो, ताप, मानेपर्यंत सूज, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास झाला तर सकाळची वाट पाहू नका. तडक रुग्णालय गाठा.