हजरत ईसा (अ.स.) : इतिहास काय साक्ष देतो?

डिसेंबर लागला की आमच्या शेलूबाजारातही मोबाइलवर तीन प्रकारचे संदेश फिरू लागतात. एक म्हणतो, येशू मुळात तामिळ ब्राह्मण होता. दुसरा म्हणतो, तो लडाखच्या मठात शिकला. तिसरा म्हणतो, असा माणूस कधी झालाच नाही. तिन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकत नाहीत, एवढेही पुढे पाठवणाऱ्याच्या ध्यानात येत नाही. आम्हाला खरे दुःख तिसऱ्या संदेशाचे. ख्रिस्ती बांधवांना खिजवायला आपलीच काही मुले तो पाठवतात. अरे बाबांनो, हजरत ईसा (अलैहिस्सलाम) यांच्यावरचा विश्वास आपल्याही ईमानाचा भाग आहे! कुरआनात त्यांचे नाव पंचवीस वेळा आले आहे, त्यांच्या आईच्या नावाने पूर्ण सूरह आहे. ते झालेच नाहीत म्हणणे म्हणजे बसल्या फांदीवर कुऱ्हाड.

पहिल्या संदेशाचे मूळ आपल्या मराठीतच आहे. गणेश दामोदर उर्फ बाबाराव सावरकर यांचे ‘ख्रिस्तपरिचय’ हे पुस्तक १९४६ साली निघाले आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये मुंबईच्या स्वातंत्र्यवीर सावरकर राष्ट्रीय स्मारकाने ते पुन्हा छापले. येशूचे खरे नाव केशव कृष्ण होते, मातृभाषा तामिळ होती आणि शेवटचे दिवस हिमालयात गेले, असे त्यात मांडले आहे. मात्र या दाव्याला त्या काळातला एकही कागद, शिलालेख किंवा साक्षीदार आधार देत नाही. नावांचा उच्चार जुळतो म्हणून माणूस आपला, असे धरले तर जगात कोणीच परका उरणार नाही.

लडाखची कथा निकोलाय नोटोविच या रशियन प्रवाशाने १८९४ मध्ये छापली. हेमिसच्या मठात आपण ईसांचे जुने चरित्र ऐकले, असे तो म्हणाला. पुढच्याच वर्षी आग्र्याच्या सरकारी कॉलेजातले प्राध्यापक डग्लस स्वतः हेमिसला गेले. मठाच्या प्रमुखाने साफ सांगितले की असा ग्रंथ आमच्याकडे नाही. इथे विषय संपायला हवा होता, पण मोबाइल आला आणि नोटोविच पुन्हा जिवंत झाला.

‘ते झालेच नाहीत’ हे मत मात्र शिकलेल्या लोकांनीही मांडले आहे. जर्मनीत एकोणिसाव्या शतकात ब्रूनो बाउअर आणि पुढे १९०९ मध्ये आर्थर ड्र्यूज यांनी ते लिहिले. मुख्य मुद्दा हा की, त्यांच्या हयातीतला एकही लेख त्यांचे नाव घेत नाही. मुद्दा खरा आहे, निष्कर्ष कच्चा आहे. आपल्या वऱ्हाडात दाखल्यासाठी कोतवाल बुकाची नक्कल काढायला किती खेटे घालावे लागतात, ते घरोघरी ठाऊक आहे. कित्येकदा पणजोबांचे नाव सापडतच नाही. म्हणून पणजोबा झालेच नाहीत, असे कोणी म्हणत नाही. मग आपण त्यांच्या भावाची नोंद शोधतो, शाळेचा दाखला शोधतो, शेताचे जुने कागद काढतो.

इथेही तसेच घडले आहे. जोसेफस हा यहुदी इतिहासकार जेरुसलेममध्ये इ.स. ३७ च्या सुमारास जन्मला. इ.स. ९३-९४ च्या त्याच्या ग्रंथात याकूब नावाच्या माणसाला मारल्याची हकिकत आहे आणि ओळख दिली आहे ती ‘ख्रिस्त म्हटल्या जाणाऱ्या येशूचा भाऊ’ अशी. (सख्खा की चुलत, यावर ख्रिस्ती पंथांतच मतभेद आहेत.) भावाची नोंद सापडली, ती अशी! याच ग्रंथात येशूंविषयी आणखी एक उतारा आहे, पण त्यात एखादा यहुदी कधीच लिहिणार नाही अशी श्रद्धेची वाक्ये आहेत. ती नंतर कोणा ख्रिस्ती नकलकाराने घुसडली, असे बहुतेक अभ्यासक मानतात. हदीस पारखताना सनद आणि मतन दोन्ही तपासण्याची सवय असलेल्या आपल्या उलेमांना ही पद्धत नवी वाटणार नाही. विशेष म्हणजे, याच उताऱ्याचे बरेच साधे रूप दहाव्या शतकातला मंबिजचा ख्रिस्ती बिशप अगापियस याच्या अरबी इतिहासात आढळते. जेरुसलेमचे विद्वान श्लोमो पिनेस यांनी १९७१ मध्ये ते जगापुढे आणले.

पुरावा थोडा का, याचे उत्तर एका दगडात आहे. पाँटियस पिलात हा रोमन अधिकारी दहा वर्षे त्या मुलखावर हुकूम चालवत होता. तरी त्याचे नाव कोरलेला दगड कैसरिया इथे सापडला तो थेट १९६१ साली. राज्य करणाऱ्याची ही गत, तर खेडोपाडी फिरून उपदेश करणाऱ्या गरीब माणसाचा शिलालेख कोण खोदणार?

राहिला रोमन लेखक टॅसिटस. इ.स. ११६ च्या सुमारास, ख्रिस्ती लोकांचा तिटकारा बाळगून तो लिहितो. म्हणूनच त्याची साक्ष वजनदार ठरते. पण त्याच वाक्यात पिलातच्या हुकमाने ख्रिस्ताला देहदंड झाल्याचेही आहे. काही वक्ते जलशात ईसांच्या अस्तित्वासाठी टॅसिटसचे नाव घेतात आणि पुढचा भाग गिळून टाकतात. हे आम्हाला पटत नाही. उद्या मुलगा अकोल्याला, पुण्याला शिकायला जाईल आणि पूर्ण वाक्य वाचेल, तेव्हा त्याने काय समजावे?

मकतबात येणाऱ्या मोठ्या मुलांना आम्ही दोन्ही गोष्टी सांगतो. श्रद्धा नसलेले बार्ट एर्मनसारखे अभ्यासकही २०१२ च्या आपल्या पुस्तकात ईसा होऊन गेले असे ठामपणे म्हणतात आणि क्रुसावरचा मृत्यूही इतिहासकार जवळपास निश्चित मानतात. सूरह निसाची १५७ वी आयत तो मृत्यू नाकारते, पण लोकांना तसा भास झाला, हे तीच आयत सांगते. टॅसिटसने घटनेनंतर सुमारे ऐंशी वर्षांनी लिहिले ते लोक काय मानत होते तेच. प्रत्यक्षात काय घडले, ते आपण वहीवरून मानतो, रोमच्या दप्तरावरून नाही, आणि वर्गात हा फरक आम्ही उघड बोलून दाखवतो.