पहाटेची मेटाडोर

बिलोलीला रेल्वे नाही. गाडी धरायची तर धर्माबाद गाठायचं, नाहीतर नरसीच्या फाट्यावर जाऊन नांदेड-हैदराबाद रस्त्यावरची एसटी बघायची. आमच्या लहानपणी त्या स्टेशनापर्यंत आणि त्या फाट्यापर्यंत माणसं, मिरचीची पोती, लग्नाचं वऱ्हाड, बाळंतीण, जे असेल ते मेटाडोर न्यायची. पुढे काळी-पिवळी आली, ट्रॅक्स आली. तरी आजही एखाद्या वाड्यामागे, भुसाराच्या गोदामाशेजारी पत्रा गंजलेली मेटाडोर दिसते आणि मी थांबतो. ही गाडी थंडीत उठवताना मी पाहिली आहे, आणि ते कसब लिहून ठेवावं असं मला फार दिवसांपासून वाटतं.

गाडीचं मूळ थंड देशातलं. जर्मनीत हॅम्बुर्गच्या हारबुर्ग भागात ‘विडाल उंड झोन’ नावाचा टेम्पो कारखाना होता. १९४९ मध्ये त्यांनी ‘मेटाडोर’ काढली. पुढे तो कारखाना हानोमाग कंपनीकडे गेला. त्याच विडालांच्या सहकार्याने नवलमल फिरोदियांनी १९५८ मध्ये बजाज टेम्पो सुरू केली. आधी मुंबईत गोरेगावला तीनचाकी, मग पुण्यात आकुर्डीला मोठा कारखाना. आपण सामानाच्या कुठल्याही छोट्या गाडीला ‘टेम्पो’ म्हणतो, तो शब्द एल्बे नदीकाठच्या त्या कारखान्याच्या पाटीवरून आला आहे. आकुर्डीची मेटाडोर १९६९ च्या सुमाराला रस्त्यावर आली. पुढे तिला मर्सिडीज-बेंझच्या परवान्याचं २.४ लिटरचं ओएम ६१६ हे इंजिन मिळालं. तिचं उत्पादन २००० साली थांबलं, आणि २००५ मध्ये कंपनी फोर्स मोटर्स झाली.

आता आमची थंडी. लडाखच्या माणसाला ती थंडी वाटणारही नाही. पण मार्गशीर्ष-पौषात मांजरा-गोदावरीच्या खोऱ्यात पहाटे पारा दहाच्या खाली येतो. शेजारच्या परभणीत तर २०१८ च्या डिसेंबरअखेरीस तो ३ अंशांच्या आसपास गेला होता. सकाळी नऊला ऊन चटका देतं, म्हणजे थंडीचा अंमल मोजून चार-पाच तासांचा. पण माणसांना धर्माबादची गाडी धरायची असते ती नेमकी त्याच तासांत.

डिझेल इंजिनाला ठिणगी नसते. सिलिंडरमध्ये हवा दाबून दाबून इतकी तापवायची की तिच्यात पडलेलं डिझेल आपोआप पेटावं. ओएम ६१६ मध्ये हवा जवळजवळ एकवीसपट दाबली जाते. शिवाय डिझेल थेट सिलिंडरमध्ये न जाता इंजिनाच्या डोक्यातल्या एका छोट्या कोठडीत आधी पेट घेतं. रात्रभर गारठलेलं बीड ती ऊब पिऊन टाकतं, आणि कोठडीच्या भिंतीही तेच करतात. म्हणून तिथे हीटर प्लग. जुन्या पद्धतीत हे प्लग एकामागे एक जोडलेले, माळेसारखे. एक जळाला की चारही थंड. मग गाडी का उठत नाही हे शोधायला मिस्त्री वायरचा तुकडा घेऊन एकेक प्लग तपासत बसायचा.

आमच्या गल्लीतले ड्रायव्हर काका क्लीनर पोराला सेल्फ मारू द्यायचे नाहीत. “हीटर दे अन् गप बस. वीस मोज.” पोरगं पंधरावर हात उचलायचं, काका न बघता म्हणायचे, “अजून नाही झाले.” घाईने सेल्फ मारला की थंडीने आधीच मंदावलेली बॅटरी उतरते, आणि दुसऱ्या वेळी हीटरलाही ताकद उरत नाही. मग धक्का.

पण खरं काम आदल्या संध्याकाळीच झालेलं असायचं. टाकी भरून ठेवायची, कारण रिकाम्या टाकीत रात्री ओल धरते आणि ते पाणी डिझेलमध्ये उतरतं. फिल्टरखालचा स्क्रू ढिला करून तळाचं पाणी काढायचं. बॅटरीच्या टोकांवरचा पांढरा थर गरम पाण्याने धुऊन वर ग्रीस लावायचं. डिझेलचे नळ जिथे जोडलेले असतात तिथे बोट फिरवून ओल बघायची, कारण रबर जुनं झालं की रात्रीतून डिझेल मागे टाकीत उतरतं आणि गाडी ‘एअर घेते’. मग हीटर कितीही द्या, पंपापर्यंत डिझेलच नसतं. हातपंप दाबून, नट ढिला करून बुडबुडे संपेपर्यंत एअर काढायची, तीही बोटं बधिर झालेली असताना. आणि शेवटी गाडी उतारावर, तोंड रस्त्याकडे, चाकाला दगड. बिलोलीत उताराची जागा ज्याच्या दारात, त्याची गाडी वेळेवर निघायची.

काही जण इंजिनाच्या चेंबरखाली पेटता बोळा धरायचे. तेल पातळ होतं हे खरं. पण वर गळकं डिझेल असताना हा प्रकार मला तेव्हाही भयंकर वाटायचा, आजही वाटतो. काकांनी तो कधी केला नाही.

इंजिन उठलं की पांढरा, डोळे चुरचुरवणारा धूर निघायचा. ते न जळलेलं डिझेल. ठकठक आवाज मोठा असायचा. त्या वेळी ॲक्सिलेटर दाबणाऱ्यावर काका चिडायचे, कारण घट्ट झालेलं तेल अजून वरपर्यंत पोचलेलं नसतं. आवाज मऊ झाला की निघायचं. घड्याळ कोणी बघत नव्हतं, कानच सांगत होता.

डिझेलचं गोठणं मात्र आमच्याकडे घडत नाही. त्यातलं मेण थंडीत साकळतं आणि फिल्टर तुंबवतं, म्हणून भारतीय मानकातही उन्हाळ्याचं आणि हिवाळ्याचं डिझेल वेगळं धरलं आहे. लडाखसाठी तर इंडियन ऑइलने २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं खास डिझेल काढलं.

आमची खरी भीती पुढे, रस्त्यावर. मांजरेच्या पात्रातून उठलेलं धुकं कापसासारखं बसतं आणि त्यात उसाची ट्रॉली उभी असते, मागे ना दिवा ना लाल पट्टी. काका हेडलाइटवर पिवळा कागद चिकटवायचे आणि काचेवर तंबाखू चोळायचे. केबिन गरम करायचं यंत्र नव्हतं. पण इंजिनाचं झाकण दोन सीटांच्या मध्ये असायचं, आणि त्यावर घोंगडी टाकून बसायची जागा म्हाताऱ्या माणसांसाठी राखलेली असायची. आजी तिथे बसली की धर्माबाद येईपर्यंत बोलायची नाही.

वर्षातली मोठी परीक्षा माळेगावच्या खंडोबाची. यात्रा मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीची, आणि दुसऱ्या दिवशी शेतातल्या पूजेचा सण, येळवस. म्हणजे रात्रभर यात्रेकरू आणायचे आणि पहाटे तीच गाडी भज्जी, उंडे, आंबिलाचं मडकं आणि पोरं भरून शेतावर न्यायची. त्या दिवशी काका इंजिन थंड होऊच द्यायचे नाहीत. शेतात कडब्याच्या कोपीपाशी पूजा झाली, आंबील पिऊन झालं, की ते मेटाडोरच्या सावलीत तासभर झोपायचे. संध्याकाळी गल्लीत परत आले की पोरं उतरायच्या आत क्लीनरला हाक जायची, “दगड लाव रे.”