कोयता, कोपी आणि व्यसनमुक्ति

दसरा झाला कीं बीड जिल्ह्याच्या पश्चिम टोकास असलेल्या आष्टी तालुक्यांतील खेड्यांत आवराआवर सुरू होते. भांडीं, अंथरुणें, पीठमीठ आणि लहान मुलें ट्रॅक्टरच्या ट्रॉलींत चढतात. घराला कुलूप लागतें. म्हातारीं माणसें मागें राहतात. पुढील पांच-सहा महिने या कुटुंबांचें गांव म्हणजे पश्चिम महाराष्ट्रांतील अथवा कर्नाटकांतील एखाद्या साखर कारखान्याभोंवतालचा उसाचा फड, आणि घर म्हणजे तेथील पाचटाची कोपी. पर्जन्यछायेंतील या मुलखांत शेतीच्या भरंवशावर वर्ष निभत नाहीं, म्हणून हा प्रवास. नवरा-बायकोची जोडी मिळून येथें 'एक कोयता' मोजला जातो. मुकादमाकडून हंगामाआधींच घेतलेली उचल दोघांनीं मिळून अंगमेहनतीनें फेडावयाची असते. एखादा दिवस काम चुकलें तर तो 'खाडा' धरला जातो आणि त्याचा भुर्दंड हिशेबांत पडतो.

अशा जोडींतील पुरुष दारूच्या पूर्ण आहारीं गेला तर काय होतें? ऊस तोडणें, मोळ्या बांधणें, त्या डोक्यावरून गाडींत चढविणें हें सारें एकटीच्या अंगावर येतें. उचल मात्र दोघांच्या नांवावर राहते. हंगाम संपला तरी ती फिटत नाहीं, आणि पुढील वर्षाची बोली त्याच कर्जानें बांधली जाते. एका माणसाच्या व्यसनापायीं सबंध घर मुकादमाच्या वहींत अडकून पडतें. तेव्हां अशा माणसास उपचार कोठें मिळावा व केव्हां मिळावा, हा प्रश्न शहरांतील सुशिक्षित घरांनींही समजून घेण्यासारखा आहे. कारण त्यांच्या चहांतील साखर याच हातांनीं तोडलेल्या उसाची असते.

प्रथम रोगाचें स्वरूप पाहूं. वर्षानुवर्षें रोज भरपूर दारू पिणाऱ्या मनुष्याचा मेंदू तिच्याशीं जुळवून घेतो. ती एकाएकीं बंद झाली कीं कांहीं तासांतच हात थरथरूं लागतात, घाम सुटतो, झोंप उडते. कित्येकांना पहिल्या दोन दिवसांत फेफऱ्यासारखे झटके येतात. आणि दोन-तीन दिवसांनीं कांहींची शुद्ध हरपून त्यांना नसतीं माणसें व जनावरें दिसूं लागतात. ही अवस्था उपचारांवांचून जिवावर बेतूं शकते. खेड्यांत गळ्यांत माळ घालून, देवापुढें शपथ वाहून दारू सोडण्याची चाल आहे, आणि तिनें सावरलेलीं माणसें गांवोगांव भेटतात. त्या श्रद्धेला बाध आणण्याचें कारण नाहीं. परंतु ज्याला सकाळीं उठतांच घोट लागतो, त्यानें माळ घालण्यापूर्वीं डॉक्टरांस भेटावें, हें सांगणें अगत्याचें आहे. मेंदू शांत ठेवणाऱ्या गोळ्या पांच-सात दिवस उतरत्या प्रमाणांत आणि त्यांसोबत 'ब-१' जीवनसत्त्व, एवढ्या उपचारानें बहुतेकांचे हे दिवस सुखरूप जातात. पूर्वीं झटके आलेल्यांना किंवा इतर दुखणीं असलेल्यांना मात्र रुग्णालयांत ठेवावें लागतें.

परंतु अंगांतील दारू उतरली म्हणजे व्यसन सुटलें असें नव्हे. खरें काम त्यानंतर सुरू होतें. ओढ पुन्हां पुन्हां येते. जुना सोबती, हातांत पडलेला पैसा, अंग मोडणारा थकवा यांपैकीं कोणतेंही निमित्त पुरतें. पाय घसरला तर मनुष्य कायमचा वाया गेला असें समजूं नये; मधुमेह अथवा दमा जसा पुन्हां उफाळतो, तसाच हा आजार. म्हणून पहिलें वर्षभर कोणी तरी नियमानें विचारपूस करणें हाच उपचाराचा मोठा भाग ठरतो.

महाराष्ट्रांत व्यसनी मनुष्याला रोगी म्हणून पाहण्याची दृष्टि रुजविण्यांत पुण्याच्या 'मुक्तांगण' या संस्थेचा वांटा मोठा आहे. डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनीं पु. ल. व सुनीता देशपांडे यांच्या साह्यानें २९ ऑगस्ट १९८६ रोजीं तें सुरू केलें. गर्दच्या व्यसनांत सांपडलेल्या तरुणांसाठीं निघालेल्या या केंद्रांत पुढें दारूचे रोगी मोठ्या संख्येनें येऊं लागले. तेथील निवासी उपचार सुमारें पांच आठवड्यांचा असतो. आष्टीच्या ऊसतोड्याला हे पांच आठवडे हंगामांत काढावयाचे म्हणजे पस्तीस खाडे! २३ सप्टेंबर २०२२ रोजीं अहिल्यानगर ते आष्टी ही रेल्वे सुरू झाली आणि मोठें शहर जवळ आलें. मैल कमी झाले; खाडे कमी झाले नाहींत.

ही अडचण एकट्या आष्टीची नव्हे. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेनें केंद्र शासनासाठीं केलेली देशव्यापी पाहणी २०१९ सालीं प्रसिद्ध झाली. तिच्याप्रमाणें दारूच्या पूर्ण अधीन झालेल्या ३८ जणांपैकीं एकालाच कोणता तरी उपचार मिळतो, आणि रुग्णालयांत राहून उपचार घेणारा १८० जणांत एक असतो. खाटा वाढविणें अवश्य आहे. परंतु खाटा कितीही वाढल्या तरी एवढी तूट त्यांनीं भरून निघणार नाहीं.

मग मार्ग कोणता? त्याचें एक उत्तर गोव्यानें दिलें आहे. तेथें 'संगाथ' या संस्थेनें दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक प्रयोग केला. वैद्यकशास्त्राचें शिक्षण नसलेल्या स्थानिक व्यक्तींना समुपदेशन शिकविण्यांत आलें. अपायकारक प्रमाणांत पिणाऱ्या, परंतु पूर्ण अधीन न झालेल्या पुरुषांशीं त्यांनीं एक ते चार वेळां निवांत बोलावें, पिण्याचा हिशेब मांडावा, मोह टाळण्याच्या युक्त्या ठरवाव्या, एवढेंच काम. ३७७ पुरुषांच्या या अभ्यासाचे निष्कर्ष २०१७ सालीं 'लॅन्सेट' या नियतकालिकांत आले. तीन महिन्यांनीं पाहिलें, तेव्हां अशी बोलणीं झालेल्यांपैकीं ४२ टक्के, तर न झालेल्यांपैकीं १८ टक्के लोक दारूपासून अलिप्त होते. असा मनुष्य ओळखण्यास यंत्र लागत नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेची दहा प्रश्नांची यादी पुरते.

दुसरें उत्तर गडचिरोलीचें. लोकांच्या चळवळीमुळें त्या जिल्ह्यांत १९९३ सालीं दारूबंदी झाली. तथापि बंदीनें ओढ जात नाहीं, हें ओळखून २०१६ सालीं राज्य शासन, डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांची 'सर्च' संस्था आणि टाटा ट्रस्ट यांनीं 'मुक्तिपथ' हा उपक्रम हातीं घेतला. त्यांत गांवची संघटना बेकायदा दारू रोखते, खेड्यांत उपचाराचीं शिबिरें भरतात आणि तालुक्याच्या ठिकाणीं दवाखाना चालतो. रोग्यानें जिल्ह्याबाहेर जावें, याऐवजीं उपचारच त्याच्या वाटेवर येतो.

हे दोन्ही धडे आष्टीच्या पंचांगाशीं जुळविले पाहिजेत. मंडळी गुढीपाडव्याच्या सुमारास परततात व दसऱ्यानंतर जातात. हे मधले सहा महिने उपचाराचा हंगाम मानावे. आशा कार्यकर्तीनें दहा प्रश्न विचारावे. थोडें बिघडलेल्याशीं गांवांतच बोलणीं व्हावीं. अधीन झालेल्याला प्राथमिक आरोग्य केंद्रांत किंवा तालुक्याच्या रुग्णालयांत औषध मिळावें. हें काम पोळ्यापूर्वीं आटोपलें तर निघण्याआधीं महिना-दीड महिना विचारपूस करण्यास सांपडतो. निघतांना त्याच्या हातीं औषधांची नोंद असलेलें कार्ड द्यावें. कारखान्याच्या परिसरांतील डॉक्टरला तें पाहतांच पुढील धागा सांपडेल.

आणि टोळी? अमेरिकेंत १९३५ सालीं 'अल्कोहॉलिक्स ॲनॉनिमस' ही चळवळ निघाली, ती एका दारुड्यानें दुसऱ्या दारुड्याला आधार द्यावा या कल्पनेवर. ऊसतोड्यांची टोळी तर एकत्र राबणारी, शेजारीं शेजारीं कोप्या घालून राहणारी मंडळी. एका टोळींत दारू सोडलेले दोघे असले, तर रोज संध्याकाळीं बसण्यास सोबत मिळते. ओढ अनावर होते ती वेळही बहुधा तीच. बायकोशीं बोलणेंही तितकेंच अवश्य आहे. तिला लपविण्यास किंवा सोसण्यास न शिकवितां, धोक्याचीं लक्षणें कोणतीं व कोणाकडे धांव घ्यावी हें सांगावें.

यांत दयेचा प्रश्न नाहीं. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानें दारू व अमली पदार्थांच्या सेवनाशीं निगडित मनोविकारांस आपल्या कक्षेंत घेतलें असून, शासकीय सेवेंतून उपचार मिळणें हा रोग्याचा हक्क मानला आहे. ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या 'टेलि-मानस'च्या क्रमांकावर रात्रंदिवस विनामूल्य सल्ला मिळतो. फडावरच्या कोपींतून डॉक्टर लांब असला तरी दूरध्वनि आतां खिशांत असतो.

पाडव्याच्या सुमारास ट्रॉल्या परत येतात, कुलुपें निघतात आणि मुकादमाची वही उघडते. उपचारानें सावरलेल्या घरीं त्या दिवशीं दोघांचे खाडे मोजले जातात, आणि ते थोडे निघतात. पुढच्या वर्षीं जावें कीं न जावें, हें ठरविण्याची मुभा त्या घराला तेवढ्यानेंच मिळूं लागते.