पांढरा देवमासा, कोरा कागद

एका देवमाशाने कप्तानाचा पाय तोडला, आणि सूड घ्यायला कप्तान सगळ्या जहाजासकट निघाला. हर्मन मेलव्हिलच्या ‘मोबी डिक’ची गोष्ट सांगायला एवढंच पुरतं. म्हणूनच कॉमिक काढणाऱ्यांना ही कादंबरी सोपी वाटते, आणि तिथेच ती फसवते.

१८५१ साली आलेल्या या कादंबरीची १३५ प्रकरणं. जहाजावरच्या माणसांना मोबी डिक प्रत्यक्ष दिसतो तो शेवटच्या तीन प्रकरणांत. तोवर मेलव्हिल काय करतो? देवमाशांच्या जाती सांगतो, चरबी कढवून तेल कसं काढतात ते सांगतो. वाचणारा कंटाळतो, आणि त्या कंटाळ्यातूनच समुद्रावरचे लांबलचक दिवस त्याच्या अंगात भिनतात.

चित्रकथेत अशी वाट कशी पाहायला लावणार? अमेरिकेत १९४२ साली ‘क्लासिक कॉमिक्स’ मालिकेचा पाचवा अंक ‘मोबी डिक’चा निघाला. चित्रकार लुई झान्स्की. माहितीचा पसारा गेला, पाठलाग उरला. ही मालिका पुढे ‘क्लासिक्स इलस्ट्रेटेड’ झाली. मूळ पुस्तकही वाचा, असं तिच्या अंकांत शेवटी आवर्जून सांगितलेलं असे. पण गोष्ट एकदा कळल्यावर किती मुलं ग्रंथालयाची पायरी चढली असतील, मला शंकाच आहे.

दुसरी अडचण निवेदकाची. इश्माएल, म्हणजे आमच्याकडचा इस्माईलच, सगळं आपल्या डोळ्यांनी दाखवतो. चित्रात मात्र तो स्वतःच खलाशांच्या घोळक्यात उभा दिसतो. त्याच्या मनातलं बोलणं चौकटीवरच्या पट्टीत छापावं, तर चित्र गुदमरतं. गाळावं, तर इश्माएल मुका होतो.

फ्रेंच चित्रकार ख्रिस्तोफ शाबुते याने २०१४ साली दोन भागांत केलेलं रूपांतर मला या सगळ्यांत जवळचं वाटतं. नुसती काळी शाई. कितीतरी चौकटींत एक शब्द नाही. गोष्ट पुढे सरकत नाही आणि डोळा तिथेच रेंगाळतो. मेलव्हिल माहिती देऊन थांबवतो, हा गप्प राहून थांबवतो.

आणि तो पांढरा रंग! मेलव्हिलने ४२वं अख्खं प्रकरण त्यावर खर्चलं आहे. पांढरा म्हणजे सगळे रंग, की रंगच नसणं? रंगीत कॉमिकमध्ये गोलाई दाखवायला देवमाशावर करडी-निळी छटा द्यावी लागते, मग तो एक मोठा मासा होतो, इतकंच. काळ्या शाईला पांढरं काही काढताच येत नाही. चित्रकार भोवतीचा समुद्र काळा करत जातो आणि मधला कागद कोरा सोडतो. तो कोरा भाग म्हणजे मोबी डिक. दोन ओळींमधल्या मोकळ्या जागेवर भिस्त ठेवणाऱ्या माझ्यासारख्या कवीला याचा हेवा वाटला, तर नवल नाही.

२०१७ साली याची इंग्रजी आवृत्तीही आली. मुलांच्या हाती चित्रांतला ‘मोबी डिक’ द्यायचाच असेल, तर हा द्या. आणि ते ४२वं प्रकरण मात्र मूळ पुस्तकातून त्यांना मोठ्याने वाचून दाखवा.